सातशेच्या पलीकडचा प्रकाश

ज्या जिवाच्या मागे मी उभी हयात घालवली, त्याला आमच्या गावात स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. शेवाळ म्हणायचे, तेही शिवी दिल्यासारखं. पेणच्या पश्चिमेला खाडीकाठी आमच्या घराण्याचं लहानसं मिठागर होतं. दिवाळीनंतर उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते उथळ कप्प्यांमधून तापवत तापवत पुढे सरकवायचं, आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे, असं ते काम. पहिल्या कप्प्यांच्या तळाशी चामड्यासारखा एक थर धरायचा. वरून मातकट, आत हिरवा. पाय पडला की सरकायचा. त्यावर घसरून आयचं मनगट एकदा मोडलं होतं आणि ते वाकडंच सांधलं. त्यामुळे शेवाळ म्हटलं की आमच्या घरात आधी आयचा हात आठवायचा.

एम.एस्सी.ला असताना मी त्या थराचा तुकडा बाटलीत घालून मुंबईला नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. निळसर हिरवे धागे एकमेकांत गुंतून हळूहळू सरकत होते. वनस्पती नाहीत, जिवाणूच, पण उन्हावर जगणारे. पृथ्वीवरच्या हवेत प्राणवायू पहिल्यांदा आणला तो यांच्याच पूर्वजांनी. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण ज्याच्यावरून आय पडली तेच हे, हे त्या दिवशी कळलं, आणि पुढे काय करायचं ते माझ्यापुरतं ठरून गेलं.

पीएच.डी.साठी मला जे सर मिळाले, ते प्रकाशसंश्लेषणातले मोठे गृहस्थ होते. उंच, गोरे, बोलणं असं की व्याख्यान संपू नये वाटायचं. दुपारी चहाच्या वेळी प्रयोगशाळेत बसून मोसंबी सोलायचे आणि एकेक फोड सगळ्यांच्या हातावर ठेवायचे. माझ्या हातावरही. वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी झाली असती. पाहुणे आले की माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हिचे हात फार चांगले आहेत. काहीही वाढवायला द्या, वाढवून दाखवेल. मिठागरातली आहे ना." पाहुणे हसायचे. मीही हसायची. इतर मुलांची ओळख करून देताना ते हातांबद्दल बोलत नाहीत, हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

आता जे सांगायचं आहे ते समजायला एवढंच पुरे. पान असो की शेवाळ, उजेडातले सगळे रंग त्याला चालत नाहीत. तांबड्याच्या पलीकडे डोळ्यांना जेमतेम दिसणारा, मग न दिसणारा उजेड सुरू होतो. उजेड मोजायच्या मापात तिथे सातशेचा आकडा येतो. सातशेच्या पुढचा उजेड प्रकाशसंश्लेषणाला निरुपयोगी, असं तेव्हा प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं होतं.

माझ्या काचेच्या बाटल्या उजेडाच्या कपाटात वाढत असत. त्यात ट्यूबलाइटबरोबर साधे पिवळे बल्बही होते. एक बाटली कुणीतरी मागे सारली आणि ती तशीच राहिली. पुढच्या बाटल्यांतल्या हिरव्याने सगळा चांगला उजेड खाऊन टाकलेला, मागे पोचत होता तो फक्त गाळसाळ, तांबड्यापलीकडचा. त्या बाटलीतलं शेवाळ मरायला हवं होतं. ते छान वाढलं होतं. फक्त रंग बदलला होता. मुरलेल्या लोणच्यातल्या कैरीच्या फोडीसारखा झाला होता.

कोणता उजेड किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रात मी ते घालून पाहिलं. आलेखाची रेघ नेहमीच्या जागी चढली, उतरली, आणि सातशेच्या पुढे जिथे तिने शून्यावर जायचं तिथे न जाता पुन्हा थोडी वर आली. बारीकसा उंचवटा. मी नमुना काढला, नवीन घातला. उंचवटा तिथेच. कुणाला सांगावं म्हणून मागे वळले तर प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद सरांच्या खोलीत नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

"यंत्राचा दोष."

"सर, दुसरे नमुने घालून पाहिले. त्यांच्यात येत नाही."

"मग दुसरे जिवाणू मिसळलेत. खाडीच्या चिखलात काय कमी असतं?"

शंका रास्त होती. मी ती धरून बसले. एकेक धागा वेगळा काढून, पुन्हा वाढवून, पुन्हा वेगळा काढून मी ते शेवाळ निर्भेळ केलं. एक पावसाळा त्यात गेला. उंचवटा राहिला. मग फक्त तांबड्यापलीकडच्या उजेडात ते प्राणवायू सोडतं का, ते मोजलं. सोडत होतं. थोडा, पण सोडत होतं. दिवा बंद केला की थांबायचं, लावला की सुरू.

"सर, ऑक्सिजन येतोय."

"ऑक्सिजन मोजायच्या इलेक्ट्रोडचा पडदा बदल."

"बदलला सर. दोनदा."

सर मोसंबी सोलत होते. थांबले नाहीत. "हे बघ," ते अगदी मायेने म्हणाले, "सातशेच्या पुढे प्रकाशसंश्लेषण होत नाही. जगातल्या शहाण्या माणसांनी सगळं आयुष्य घालवून हे ठरवलंय. ते सगळे चुकले आणि तुमच्या आगरातला चिखल बरोबर, असं म्हणायचंय का तुला?"

"एकदा तुम्ही स्वतः मोजून बघा सर. माझ्या समोर नको, मी बाहेर थांबते."

त्यांनी फोड माझ्या हातावर ठेवली. "तुला पदवी हवीये की वाद हवाय?"

ते कधीच येऊन बघून गेले नाहीत. प्रबंधाचा मसुदा त्यांच्याकडून परत आला तेव्हा प्रत्येक आलेखावर पेन्सिलीने एक उभी रेघ होती, सहाशे नव्वदवर, आणि बाजूला लिहिलं होतं, 'इथवर'. शेवटचं प्रकरण, ज्यात ऑक्सिजनचं सगळं होतं, त्याच्यावर तिरकी फुली. मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मार्गदर्शकाशी वाकडं घेऊन इथून कुणी पदवी घेऊन गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तुझ्या घरात शिकलेली तू पहिली ना? मग घरी काय सांगणारेस?"

मी त्यांच्याशीही भांडले. काही उपयोग झाला नाही. त्या रेघेपर्यंतचा प्रबंध झाला, पदवी मिळाली, गावात आयने पेढे वाटले. निघताना माझ्या शेवाळाच्या नळ्या मागितल्या तर सर म्हणाले, "त्या संस्थेच्या आहेत. इथेच सुरक्षित राहतील." पुढच्या उन्हाळ्यात साफसफाई निघाली आणि जुन्या नळ्या वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकल्या. माझ्यानंतर तिथे संशोधनाला लागलेल्या एका मुलीने बसस्टॉपवर भेट झाली तेव्हा हे सहज सांगितलं. तिला वाटलं, मला माहीत असेल.

नोकरी मिळाली ती माणगावच्या बाजूला, एका आडबाजूच्या कॉलेजात. तिथल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होते, त्यातले काही चालत होते. तळा गावाकडची, श्रीवर्धनकडची, बोर्ली पंचतनहून पहाटेच्या एसटीने येणारी मुलं मी शिकवली. वाईट शिकवलं नाही. संशोधन मात्र सुटलं. कुणी विचारलं तर सांगायची, इथे सोयी नाहीत. ते खरंही होतं, त्यामुळे त्याच्यामागे लपता यायचं.

मग एके दिवशी स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर मी ती बातमी वाचली. परदेशातल्या काही लोकांना समुद्रकाठच्या सायनोबॅक्टेरियात, म्हणजे माझ्या शेवाळाच्याच जातकुळीतल्या जिवाणूंत, एक नवीन हरितद्रव्य सापडलं होतं. तांबड्यापलीकडचा उजेड खाणारं. सोबत आलेख होता. सातशेच्या पुढे बारीकसा उंचवटा.

लोक म्हणतात की अशा वेळी शास्त्रज्ञाला आनंद व्हायला हवा, सत्य कुणाच्याही हातून बाहेर येवो. मला आनंद झाला नाही. तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव आली. घंटा झाली म्हणून मी उठून प्रॅक्टिकलला गेले. पालकाची पानं वाटून त्यातले रंग कागदावर वेगळे करून दाखवायचे होते. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही तीच पानं दुसऱ्यांदा वाटताय." मी म्हटलं, "साखर कमी झाली असेल." त्यावर एका मुलीने डब्यातला लाडू आणून दिला आणि तो मला सगळ्यांसमोर खावा लागला.

त्या रविवारी मी गावी गेले. मिठागरात ते शेवाळ अजून असणारच, नव्याने काढता येईल, मोजता येईल, निदान लिहिता येईल असं वाटत होतं. रिक्षा बांधाजवळ थांबली आणि पुढे रस्ताच वेगळा झालेला. लाल मुरमाचे ढीग, रोलर, आणि ओळीने उभे डंपर. डंपरच्या पुढच्या काचेवर आमच्या कुलदेवीचं नाव होतं. माझ्या थोरल्या भावाचे डंपर.

दादा शेडमध्ये खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून उठला. "कलवून आली असतीस तर गाडी पाठवली असती. पायांवर किती धूल बसली."

"दादा, आगर भरताय?"

"कंटेनर यार्ड होतंय. तुला आयने सांगितलं न्हाय?"

"कुणी विकलं?"

"आपण सगल्यांनी. तू सही केलीस की पाडव्याला. मी बोललेलो, कागद वाच. तू बोललीस, दादा, तू बघितलंस म्हंजे झालं."

मी सही केली होती. लहान लहान हिश्श्यांचं काहीतरी आहे, एवढंच समजून. मी म्हटलं, "मला तिथलं शेवाळ हवं होतं."

दादा चेष्टा करणारा माणूस नाही. "मीठ कोन घेतो आता आपलं? बाबा त्या आगरान उन्हात उभे जल्ले. माझ्या पोरांनी पन तेच करावं काय? तुझ्या शेवालानं या गावातला एक माणूस तरी जगला का, सांग मला."

त्याने स्वतः रोलर थांबवायला लावला, गमबूट घालून माझ्याबरोबर शेवटच्या न भरलेल्या कप्प्यापर्यंत आला आणि मी चिखलात वाकून थर कापत होते तेव्हा माझी पर्स धरून उभा राहिला. संध्याकाळी घरी आयने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "येवरी शिकलीस न परत याच्यानच हात घातलास काय गो?" एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिथे सपाट जमीन होती.

ते शेवाळ मी माझ्या घरी वाढवलं. तांबडा आणि निळा जिलेटीन कागद एकावर एक लावले की त्यातून बराचसा तांबड्यापलीकडचाच उजेड पार होतो. असा डबा करून खिडकीत ठेवला. काही आठवड्यांनी रंग बदलला. तोच, लोणच्यातल्या कैरीचा. एका ओळखीच्या बाईंच्या मदतीने पुण्यात एका प्रयोगशाळेत मोजून घेतलं. उंचवटा होता. मी गाडीतळावर येऊन बाकावर बसले आणि वडापाव खाल्ला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

त्यानंतर आमच्या कॉलेजात चर्चासत्र झालं. प्राचार्यांनी प्रमुख पाहुणे म्हणून सरांना बोलावलं, माझे मार्गदर्शक म्हणून, म्हणजे माझा मान ठेवायला. सर आता काठी घेऊन चालत होते. आवाज मात्र तसाच. त्यांनी नवीन हरितद्रव्यावर व्याख्यान दिलं, सुंदर दिलं, आणि शेवटी हसून म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. हे आम्ही आमच्या प्रयोगशाळेत फार पूर्वी पाहिलं होतं. इथल्याच मिठागरातल्या नमुन्यात. पण त्या काळी आपल्या देशात अशा गोष्टीवर विश्वास कोण ठेवणार?" पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. सरांनी माझ्याकडे हात केला. "ही माझी विद्यार्थिनी, हिच्या हातून ते वाढलं होतं."

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी माईकपाशी गेले. मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. मग म्हणाले, "सरांचे आभार मानताना एक दुरुस्ती करायची आहे. त्याचा आलेख मी सरांना दाखवला होता. सरांनी स्वतः एकदाही मोजून पाहिलं नाही. आलेख कापायला सांगितला आणि प्रकरण काढून टाकायला लावलं. विश्वास देशाने ठेवला नाही असं नाही. देशाला कुणी विचारलंच नव्हतं."

मागच्या एका मुलाने टाळी वाजवली आणि एकटाच पडल्यावर थांबला. प्राचार्यांनी राष्ट्रगीताची खूण केली.

नंतर केबिनमध्ये सरांना चहा दिला. त्यांनी मला जवळ बोलावलं. डोळे पाणावलेले होते, वयाने की कशाने कोण जाणे. "असं झालं होतं का गं?" ते म्हणाले. "मला खरंच आठवत नाही. मला तर आठवतंय की आपण दोघं यंत्रासमोर उभे होतो आणि मी तुला म्हणालो, यात काहीतरी आहे."

"तुम्ही यंत्रासमोर कधी आलाच नाहीत सर."

"असेल, असेल," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले. त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर मी त्यांना माफ न करण्यात सुखी झाले असते. पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात ती गोष्ट त्यांना हवी तशी मुरली होती, आणि पेन्सिलीच्या रेघांचा तो मसुदा मी जपला नव्हता, माझ्याकडे होता तो नुसता माझा शब्द. स्टाफरूममध्ये आठवडाभर माझ्याशी कुणी सरळ बोललं नाही. "म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलायचं असतं का मॅडम?" एवढं मात्र प्रत्येकाने विचारलं. सरांनी चारचौघांत काय केलं ते कुणी विचारलं नाही.

मी लेख लिहिला. खाडीकाठच्या मिठागरातलं हे शेवाळ, त्याचा रंग, त्याचा ऑक्सिजन, आणि ते मिठागर आता उरलेलं नाही हेही. संशोधनपत्रिकेकडून लेख परत आला. तपासणाऱ्याने सभ्य भाषेत लिहिलं होतं की काम नीट आहे, पण हे द्रव्य आता पुष्कळ ठिकाणच्या सायनोबॅक्टेरियात माहीत झालेलं आहे, या लेखात नवीन असं काही नाही. त्याचंही बरोबर होतं. आधी ते अशक्य होतं, मग ते जुनं झालं. या दोन्हीच्या मधे कधीतरी ते नवं असणार. ती वेळ मी प्रॅक्टिकल घेण्यात घालवली.

सर गेल्या वर्षी वारले. मला कळवलं होतं. मी गेले नाही.

यंदा निकालानंतर एक मुलगी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आली, तळा गावाच्या पुढची, हुशार. प्रकाशसंश्लेषणाला कोणता उजेड लागतो या प्रश्नात तिने मी वर्गात सांगितलेलं सगळं लिहिलं होतं, सातशेच्या पुढचंसुद्धा. बाहेरच्या परीक्षकाने त्यावर लाल फुली मारली होती. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात अजून सातशेच आहे.

"मॅडम, मी चुकीचं लिहिलं का?"

"नाही."

"मग गुण का कापले? पुन्हा तपासायला देऊ?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला पुढच्या वर्षी प्रवेश हवा होता, आणि तिच्या घरात शिकलेली ती पहिली होती. मी म्हटलं, "राहू दे. परीक्षेत पुस्तकातलंच लिहीत जा."

"बरं मॅडम," ती म्हणाली आणि मैत्रिणींच्या मागे बस पकडायला पळाली. इतक्या सहज 'बरं' म्हणाली याचा मला दिवसभर राग येत राहिला.